आसणवाडीचा दातखडक

बसा. पण त्या खडकावर नको, बाजूला बसा.

हा आमच्या गावचा दातखडक. पाहुणे येतात, फोटो काढतात आणि आपापले अंदाज सांगतात. कोणी म्हणते, इथे पांडव सोंगट्या खेळले. कोणी म्हणते, वैद्य इथे औषध कुटत असतील. एकदा एक साहेब आले होते. ते म्हणाले, ही जमीन मोजणाऱ्यांची खूण आहे. तिघांचेही चूक.

नीट पाहा. चार खड्डे आहेत. प्रत्येकात बोटाचे एक पेर बुडते. वरचे दोन एकमेकांपासून लांब, खालचे दोन जरा जवळ. वरच्या दोहोंच्या मध्ये तीन बोटे आडवी ठेवा. बसतात. खालच्या दोहोंत दोन बसतात आणि थोडी फट उरते. हे ढाण्या वाघाच्या सुळ्यांचे माप आहे. बिबट्याचे एवढे नसते. त्याचे वरचे सुळेसुद्धा दोन बोटांवरच असतात.

आमच्या गावात कोणाला कोणावर आळ घ्यायचा असेल, तर त्याने आधी इथे यायचे. गुडघे टेकायचे, दोन्ही हातांची दोन-दोन बोटे या चार खड्ड्यांत घालायची. मग त्याला एकच प्रश्न विचारतात: "आतून पाहिलंस का?" उत्तर देता आले, तर गाव न्यायाला बसते. नाही देता आले, तर त्याने उठून घरी जायचे. त्याचे म्हणणे कोणी ऐकत नाही.

हा रिवाज कुठून आला ते सांगतो. माझ्या आज्याने मला सांगितले तेवढेच सांगतो. पदरचे काही घालणार नाही.

फार जुनी गोष्ट आहे. त्या वेळी या घाटमाथ्यावर वाघ पुष्कळ होते म्हणे. गावात भैरोबाचा एक वळू होता. एका वर्षी गुरांत रोग आला, तेव्हा गावाने देवाला नवस बोलून तो वासरू असतानाच सोडला होता. रोग हटला. वळू वाढला. पांढरा शुभ्र, वशिंड एवढे मोठे की एका बाजूला कलायचे. त्याला दावे लावायचे नाही, काठी मारायची नाही, तो कोणाच्या शेतात शिरला तरी हात जोडून बाजूला व्हायचे. आणि तो जिवंत असो की मेलेला, त्याच्या अंगाला सुरी लावायची नाही. मेल्यावर हळदीचे पाणी घालून, आहे तसा पुरायचा. असा नेम होता.

वरच्या सड्यावर, म्हणजे या कातळाच्या पठारावर, धुळा नावाचा गवळी राहायचा. बारा-तेरा म्हशी, गवताने शाकारलेला एक झाप आणि झापाशेजारी नाचणीचा तुकडा. बायको हिरा, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. धुळा कष्टाळू होता पण तोंडाचा फटकळ. त्या साली वळूने त्याची नाचणी दोनदा खाल्ली. दुसऱ्या वेळी धुळा गावात आला आणि देवळापुढे चारचौघांत बोलला, "एक दिवस ह्याला दाव्यानं आवळतो बघा." बोलला आणि मीठ घेऊन वर गेला. रागातले बोलणे होते. पण बोलणे लोकांच्या लक्षात राहते.

कार्तिक सरत आला होता. एका दिवशी सूर्य मावळायला आला असताना सड्यावर म्हशी हंबरल्या. खाली गावात ऐकू आले म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसे वर गेली, तर कातळावर वळू मरून पडलेला आणि धुळा त्याच्याशेजारी बसलेला. रात्रभर तो हललाच नव्हता. कोल्ह्यांनी देवाचे जनावर विटाळू नये म्हणून राखण करत बसला होता. कमरेला दावे गुंडाळलेले. गवळ्याच्या कमरेला दावे असतेच. पण त्या दिवशी ते सगळ्यांना दिसले.

शिदोजी पाटील गावचा मुख्य. कडक माणूस, पण खोटा नव्हे. त्याने विचारले, "काय झालं?"

धुळा म्हणाला, "वाघानं धरला. मी पोचलो तवर पाय झाडायचा थांबला होता. म्हशी शिंगं रोखून धावल्या म्हणून वाघ सोडून गेला."

"रक्त दाखव."

रक्त नव्हते. पांढऱ्या अंगावर डागसुद्धा नव्हता.

"पोट फाडलेलं दाखव."

पोट शाबूत होते.

"पावलं?"

खाली सगळा कातळ. कातळावर पाऊल उमटत नाही.

लोकांनी वळूची मान पाहिली. गळा चेपल्यासारखा दिसत होता. गळ्याखालच्या लोंबत्या कातडीत, केसांच्या आत, बारीक टोचे होते. एक जण म्हणाला, करवंदीच्या जाळीत शिरला असेल, काटे आहेत ते. खांद्यावर ओरखडे होते, तेही काट्यांचेच ठरले. मग कोणीतरी ते देवळापुढचे बोलणे काढले. दाव्यानं आवळतो म्हणाला होता. रक्त नाही, गळा चेपलेला, कमरेला दावे. संपले. गावाच्या मनात सगळे जुळले.

देवाचा वळू मारणाऱ्याला शिक्षा ठरलेली होती. कपाळावर तापल्या लोखंडाचा डाग द्यायचा आणि घरादारासकट घाटाखाली हाकलायचे. त्या डागाच्या माणसाला पाणी देईल त्यालाही तीच शिक्षा. आजूबाजूच्या सगळ्या गावांना तो डाग ओळखू यायचा. म्हणजे धुळाने जायचे कुठे, तर रानात. आणि हिरा आज-उद्याची.

धुळाला त्याच्याच दाव्याने आईनाच्या झाडाला बांधले. सटवा लोहाराला बोलावले. त्याने कातळावरच शेणी पेटवल्या आणि लोखंडाची कांब निखाऱ्यात घातली. हिरा झापाच्या दारात उभी होती. रडत नव्हती, असे सांगतात. बघत होती.

तेवढ्यात कोंडाई आली.

कोंडाई गावाबाहेरच्या वस्तीतली. मेलेले जनावर ओढायचे, सोलायचे, कातडे कमवायचे, हे काम त्या वस्तीवर लादलेले होते. तिचा नवरा गेला होता आणि घरचे काम तीच करायची. साठीच्या पुढची असेल. सड्यावर जनावर मेले एवढेच कानावर आले, म्हणून रिवाजाप्रमाणे ती सुरी आणि दोर घेऊन आली. तिला वीस पावलांवर थांबवले. त्या काळी तसेच होते. चूक होते, पण होते ते लपवून मी सांगणार नाही.

"कोंडे, परत जा," पाटील म्हणाला. "हा देवाचा आहे. ह्याला तुझा हात लागायचा नाही."

ती परत गेली नाही. लांबूनच वळूकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पाटील, ह्याला वाघानं धरलाय."

"तुला तिथून दिसतं होय?"

"मान कशी पडलीय ते दिसतं. गळ्याचं कातडं उलटून बघा. आत लिहिलेलं असतं."

गलका झाला. देवाच्या वळूचे कातडे काढा म्हणते. एक जण ओरडला, "मटण पायजे असं सरळ बोल की."

"मटण मला रोज मिळतं," कोंडाई म्हणाली. "तुमच्याच गोठ्यातलं."

पाटलाने हात वर करून सगळ्यांना गप्प केले. "वाघानं मारलं तर रक्त कुठं गेलं?"

तेव्हा ती जे बोलली ते आमच्या गावात पोराटोरांनाही पाठ आहे. "वाघ फाडून मारत नाही, पाटील. धरून मारतो. फाडणं नंतरचं. ते जेवण. लहान जनावर असलं तर मानेमागं चावतो, मणका मोडतो. एवढा मोठा वळू असला तर खालून गळा धरतो आणि लोंबकळतो. नरडं दाबून ठेवतो. श्वास संपेस्तवर सोडत नाही. सुळा भोकात बुचासारखा बसतो, मग बाहेर काय येणार? जे सांडायचं ते कातड्याखाली सांडतं आणि तिथंच काळं पडतं."

सटवा लोहार कांबीवर वारा घालत होता. तो थांबला. जोराचा विषय निघाला की लोहाराला गप्प बसवत नाही. म्हणाला, "एवढं जड धूड. नुसतं तोंडानं धरून ठेवायचं म्हणजे किती ताकद लागंल?"

"तुझ्या हातातली सांडशी बघ," ती म्हणाली. "तोंड आखूड आहे म्हणून पकड घट्ट आहे. तोंड हातभर लांब केलंस तर लोखंड निसटंल. लांडग्याचं तोंड लांब. तो चावतो, सोडतो, परत चावतो. वाघाचं तोंड आखूड. तो एकदाच चावतो. माझ्या सासऱ्यानं गडावरच्या सरदारासाठी एक मेलेला वाघ सोलला होता. त्याचं डोकं मी साफ केलंय. कवटीवर मधोमध हाडाची धार असते, नांगराच्या फाळासारखी. जबड्याचं मांस तिथपासून बांधलेलं असतं, गालाच्या कमानीतून खाली येतं. ते माझ्या पोटरीएवढं निघालं. ते सगळं एकाच कामाला. तोंड मिटायला."

"आणि बैल? बैल काय कमी हाय का ताकदीला?"

"बैलाचा जबडा जात्यासारखा आडवा फिरतो. वाघाचा फिरत नाही. अडकित्त्यासारखा वर-खाली. आत सापडलेलं हलत नाही. सुळे आतल्या अंगाला वाकलेले. जनावर जेवढं हिसकतं तेवढे ते रुततात."

मागून कोणीतरी म्हणाले, "हिनं वाघाला पान-सुपारी खाताना बघितलंय वाटतं."

"मेल्यावर बघितलंय," कोंडाई म्हणाली. "तुम्ही जिता बघून पळता. मी मेलेला बसून बघते."

कोणी हसले नाही म्हणे. जो बोलला होता, त्याचे घर कोणते हे आजही सगळ्यांना ठाऊक आहे. मी नाव घेत नाही. त्याच्या वंशातला एक जण माझा व्याही आहे.

आता गोष्ट अडली. खरे-खोटे जिथे होते, तिथे सुरी लावायची बंदी होती. गुरव म्हणाला, देवाला विचारू. गाव खाली भैरोबाच्या देवळात आले. गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर कातडे उलटायचे, डावी पडली तर नाही. सगळे बसून राहिले. ऊन पायरीवरून खाली उतरले. कळ्या वाळल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. असे त्याआधी कधी झाले नव्हते आणि नंतरही झाले नाही, असे सांगतात.

गुरव म्हणाला, "देव बोलत नाही."

"म्हणजे नाही," पाटील म्हणाला.

कोंडाई देवळाच्या आवाराबाहेर उभी होती. तिथून म्हणाली, "नाही, असंही बोलला नाही."

पाटील पायऱ्या उतरून तिच्यापुढे आला, पाच-सहा पावले राखून. "धुळा तुझा कोण लागतो?"

"कोणी नाही. ताक द्यायचा तेही उंचावरून ओतायचा. अर्धं माझ्या पदरावर सांडायचं."

"मग त्याच्यासाठी कशाला भांडतेस?"

"त्याच्यासाठी नाही. आयुष्यभर हे काम केलं. समोर खोटं होताना बघून घरी गेले तर उद्या माझा हात सुरीवर बसायचा नाही."

"आणि आत काळं निघालं नाही तर?"

कोंडाईने सुरी जमिनीवर ठेवली आणि देवळाकडे तोंड करून बोलली, "भैरोबा, तू ऐक. आत काळं निघालं नाही तर धुळाबरोबर मला डाग बसू दे. आणि तुझ्या वळूवर सुरी चालवायला लावली म्हणून हा उजवा हात गावानं तोडावा. मी काढून घेणार नाही."

हा तिचा शब्द. उजवा हात गेला तर सोलणाऱ्या बाईला खायचे काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होते. 

पाटलाने देवळाकडे वळून हात जोडले. मग म्हणाला, "उलटू. पण तुझा हात देवाच्या अंगाला लागणार नाही. तू लांबून सांगायचं. सुरी आमच्यातलं कोणीतरी धरंल."

सगळे पुन्हा सड्यावर गेले. पाटलाने विचारले, कोण धरतो? कोणी पुढे येईना. बोलायला सगळे होते. एक जण म्हणाला, माझे आज व्रत आहे. एक म्हणाला, माझा हात मुरगळलाय. शेवटी पाटलाने स्वतः अंगरखा काढला, सुरी उचलली आणि वळूच्या मानेशी बसला. सात पिढ्यांत त्यांच्या घरात कोणी मेल्या जनावराला हात लावला नव्हता.

कोंडाई वीस पावलांवरून सांगत होती. "कानामागून घ्या. दाबू नका. कातडं उचलून मग ओढा. पाटील, उभी नको, तिरकी धरा."

पाटलाच्या हाताला ते जमेना. तलवार चालवलेला हात होता तो, पण सोलायचे काम तलवारीचे नसते. सुरी निसटली आणि मांसात गेली. थोडे रक्त आले.

"थांबा," कोंडाई म्हणाली. "मांस कापलंत तर सगळंच लाल दिसंल. मग काळं कोण ओळखणार? धुळा मरंल तुमच्या हातानं."

पाटील थांबला. सुरी बाजूला ठेवली. मग वर न बघता म्हणाला, "कोंडाई, इकडं ये."

तोवर तिला कोणी कोंडाई म्हटले नव्हते. पाटलाच्या तोंडी तर नाहीच.

ती आली. वीस पावले चालत आली आणि त्या वीस पावलांत कोणी बाजूला सरकले नाही, कोणी पदर सावरला नाही, असे सांगतात. ती वळूशेजारी बसली. सुरी कपाळाला लावली. त्याच्या कानाशी म्हणाली, "माफ कर, बाबा. तुझंच सांगणं सांगायचंय."

मग तिने हात चालवला. आजा म्हणायचा, कापड दुमडावे तसे तिने ते कातडे मागे घेतले. रक्ताचा थेंब नाही.

आतली बाजू पिकल्या जांभळासारखी काळी होती. बाहेरून काट्याचे टोचे वाटत होते, तिथे आतून बोट जाईल एवढी भोके होती. चार. दोन वर, दोन खाली. भोवतीचे सगळे रक्त गोठून कातड्याखाली थिजले होते. श्वासाची नळी बोरूवर पाय पडावा तशी चपटी झाली होती.

कोंडाईने वरच्या दोन भोकांच्या मध्ये बोटे ठेवली. तीन बसली. "बिबट्या नव्हे. ढाण्या. मोठा आहे, नर."

पाटील म्हणाला, "दाव्यानंही काळं पडंल की."

गावाचा मुख्य होता. विचारायचे ते त्याने विचारलेच पाहिजे. कोंडाईने वळूची मान उचलायला लावली आणि मागच्या बाजूचे कातडे उलटले. ते आतून पांढरे स्वच्छ होते. "दावं मानेभोवती फिरतं," ती म्हणाली. "आवळलं असतं तर इथंही कडं उमटलं असतं. हे बघा, काही नाही. पुढूनच धरलंय. आणि मेल्यावर कोणी टोचे मारले असते तर काळं पडलंच नसतं. मेलेलं रक्त सरकत नाही." मग खांद्याचे ओरखडे तिने दाखवले. आत मांसापर्यंत गेलेले होते. "नखं. वाघ ती म्यानात ठेवून चालतो म्हणून त्याच्या पावलात दिसत नाहीत. धरतानाच काढतो. करवंद एवढं आत जात नाही."

पाटलाने स्वतःची तीन बोटे त्या दोन भोकांमध्ये ठेवून पाहिली. मग उठला, आईनाच्या झाडाशी गेला आणि धुळाचे दावे सोडले. गाठ ओढून बसली होती. ती दातांनी सोडवली म्हणे.   धुळा तसाच झापाकडे गेला. हिरा दारातच खाली बसली होती. त्याच दिवशी तिला मुलगा झाला.

त्या पोराच्या वंशातला मी. तो डाग बसला असता तर आमचे घर कोणत्या रानात संपले असते, मला ठाऊक नाही.

मग कोंडाईने आरी आणि वादी घेऊन ते कातडे परत जागेवर शिवले. वळूला हळदीच्या पाण्याने न्हाऊ घालून होता तसा पुरला. तुम्ही बसलात त्याच्या मागे तो चौथरा आहे ना, तिथे. डागासाठी तापवलेली कांब सटवा लोहाराने ठोकून तिची छिन्नी केली. वळूच्या गळ्यावरच्या भोकांचे माप कोंडाईने काडीवर घेतले होते, त्या मापाने त्याने या खडकात चार खड्डे पाडले. पाटलाने सांगितले, यापुढे ज्याला आळ घ्यायचा आहे, त्याने इथे बोटे घालून आधी सांगावे की तो आतून बघून आला आहे. आणि प्रश्न कोंडाईच्या घराने विचारावा.

खड्डे पाडून झाले तेव्हा ऊन कलले होते. समोरच्या कड्यावर वाघ येऊन बसला, असे सांगतात. गाव खाली आणि तो वर. बराच वेळ बसला आणि पलीकडे उतरून गेला. त्यानंतर सड्यावर त्याने गुरे धरली, पण गावात कधी उतरला नाही. हे खरे की कसे, मला विचारू नका. आज्याने सांगितले, मी सांगतो.

एक गोष्ट मात्र नक्की घडली, कारण तिचा परिणाम आम्ही अजून भोगतो. कोंडाई निघताना देवळापाशी थांबली आणि सुरी भैरोबाच्या उंबऱ्यावर ठेवली. म्हणाली, "देवाच्या अंगाला लागलेली सुरी आता दुसऱ्या कशाला लावणार नाही. हे काम माझ्या घरानं इथं सोडलं."

लोकांना वाटले, चार दिवस बोलेल आणि येईल. आठ दिवसांनी पाटलाच्याच गोठ्यात म्हैस मेली. वस्तीवर निरोप गेला. कोंडाई आली. हात मागे बांधून उभी राहिली आणि म्हणाली, "कसं ओढायचं ते सांगते."

पाटलाने तिच्याकडे पाहिले. म्हशीकडे पाहिले. मग धोतराचा काचा मारला आणि दोर खांद्यावर घेतला. त्याने ओढले म्हटल्यावर बाकीच्यांना बोलायला जागा उरली नाही.

आजही आसणवाडीत ज्याचे जनावर मेले, त्यानेच ते ओढायचे आणि त्यानेच पुरायचे. दुसऱ्याला बोलवायचे नाही. लग्न होऊन आलेल्या सुनांना हे आधी सांगतात. बाहेरगावचे पाहुणे नाक मुरडतात. मुरडू देत.

आणि प्रश्न अजून कोंडाईच्याच घराचा आहे. सध्या सुलाबाई विचारते. ती अंगणवाडीत शिकवते. दोन वर्षांमागे वरच्या आळीतल्या सहा शेळ्या मेल्या, तेव्हा लोक बिबट्याला पिंजरा लावा म्हणून निघाले होते. सुलाबाईने त्यांना इथे थांबवले. शेळ्यांची कातडी उलटायला लावली. गळे आतून पांढरे निघाले आणि मागच्या मांड्या फाटलेल्या, वेडेवाकडे शंभर चावे. बिबट्या नव्हता. मोकाट कुत्री होती. बिबट्या कड्यावर आहे, मादीला पिल्ले झाली आहेत असे ऐकतो. त्याच्यावर आमचा डोळा आहे. त्याचाही आमच्यावर असेल.

सुलाबाई कोणाला सोडत नाही. पाटलाच्या घरच्यांना विचारते, सरपंचाला विचारते. मलाही दोनदा विचारले आहे. एकदा भावाबद्दल आणि एकदा जावयाबद्दल. दोन्ही वेळा मी या खडकापाशी गुडघे टेकले, बोटे घातली, आणि ती म्हणाली, "आबा, आतून पाहिलंत का?"

दोन्ही वेळा मी उठून घरी गेलो.